पाळीव सरपटणारे प्राणी आणि माणसाचा वास

पाळलेला साप किंवा सरडा आपल्या माणसाला ओळखतो का, तर थोडंफार ओळखतो, पण सापाच्या बाबतीत ती ओळख चेहऱ्याची कमी आणि वासाची जास्त. साप सारखी जीभ बाहेर काढतो ती कुणाला घाबरवायला नाही, तो वास घेत असतो. हवेतले, जमिनीवरचे, आपल्या हातावरचे कण जिभेला चिकटतात आणि जीभ आत गेली की टाळूतल्या दोन बारीक भोकांतून वास ओळखणाऱ्या जेकबसन अवयवापर्यंत पोचतात. जीभ दुभंगलेली असल्यामुळे वास डावीकडे जास्त येतोय की उजवीकडे हेही कळतं. नाव पडलं ते डॅनिश डॉक्टर लुडविग जेकबसनवरून, त्याने १८१३ मध्ये या अवयवाचं वर्णन केलं होतं, आणि गंमत म्हणजे सस्तन प्राण्यांमधल्या.

बॉल पायथन, कॉर्न स्नेक पाळणारे सांगतात की अनोळखी हात आला की जीभ भराभर चालते आणि रोजचा हात असला की साप लवकर शांत होतो. म्हणून नवीन आणलेल्या सापाच्या टाकीत काहीजण स्वतःचा वापरलेला टीशर्ट ठेवतात. पण याला प्रेम वगैरे म्हणू नये, "या वासापासून धोका नाही" एवढीच ती सवय असते. आपल्याकडे नाग माणूस लक्षात ठेवून डूख धरतो म्हणतात, त्यालाही काही आधार नाही.

खरी गडबड खाण्याच्या वासाने होते. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की गार्टर सापाची नुकती जन्मलेली, अजून काहीच न खाल्लेली पिल्लंसुद्धा भक्ष्याचा अर्क लावलेल्या कापसाच्या बोळ्यावर जीभ मारतात आणि हल्ला करतात. त्यामुळे उंदीर हाताळून तसाच हात टाकीत घातला तर रोजचा मालकही चावा खातो, मग ओळख कितीही जुनी असो. हात आधी धुवायचे, आणि नंतरही धुवायचे, पोट बिघडवणारा साल्मोनेला जिवाणू त्यांच्या अंगावर असू शकतो.

सगळ्यांना हे सारखं लागू नाही. बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा नवीन वस्तू चाटून बघतो पण त्याची नजरही चांगली असते. कासवाला अशी दुभंगलेली जीभच नाही, रेड इअर्ड स्लायडर काचेकडे धावत येतं ते मुख्यतः आपल्याला बघून आणि खाणं मिळायच्या सवयीने. मगरींमध्ये तर जेकबसन अवयवच नसतो.

आणि हो, हे सगळं परदेशी जातींबद्दल. नाग, धामण, अजगर, घोरपड, स्टार कासव घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.