हर्षद संख्या, आणे आणि सोळाचा पाया

जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद संख्या. २१ ही हर्षद संख्या आहे, कारण २ + १ = ३ आणि २१ ला ३ ने भाग जातो. हे दशमान लेखनात खरे, दुसऱ्या पायात (म्हणजे दहाऐवजी दुसऱ्या संख्येला पुढचे घर उघडले तर) टिकेलच असे नाही; ही अट मात्र बहुधा सांगायची राहून जाते.

ही कल्पना डहाणूत १९०५ साली जन्मलेल्या आणि देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर मास्तरांची. विद्वानांनी बराच काळ ती करमणुकीत काढली. १९७५ मध्ये परदेशी मासिकात लेख आला तेव्हा कुठे बाहेर नाव झाले. पुढे १९७७ च्या एका परिषदेत आयव्हन निव्हेन या दुसऱ्याच गणितज्ञाने याच संख्यांचा विषय काढला आणि अनेक इंग्रजी निबंधांत त्यांचेच नाव चिकटले. हर्षद हे नाव आधीचे, तेव्हा तेच चालवणे रास्त.

पायाचा फरक कोकणात कळायला अवघड जाऊ नये. खोताच्या वहीत भात खंडी-मणात, म्हणजे विसाच्या पटीत. पैसे रुपये-आण्यांत, सोळाच्या पटीत. आता २१ आणे घ्या: १ रुपया ५ आणे. बेरीज ६, आणि २१ ला ६ ने भाग जात नाही. सोळाच्या पायात हर्षदपण गेले. उलट १६५ आणे म्हणजे १० रुपये ५ आणे: बेरीज १५, १६५ ÷ १५ = ११, हर्षद. दशमानात त्याच १६५ ची बेरीज १२ येते आणि भाग जात नाही.

इथे तीन ठिकाणी चूक होते. पहिली, १० ते १५ आणे हा एकच अंक धरायचा असतो. १ रुपया १२ आणे (२८ आणे) यांची बेरीज १ + १२ = १३. कुणी १ + १ + २ = ४ केले तर २८ ला ४ ने भाग जातो आणि नसलेला हर्षद हाती लागतो. दुसरी, वहीत रुपये दशमानातच वाढतात. सोळाच्या पायात मात्र १६ रुपये झाले की पुढचे घर उघडावे लागते. १७ रुपये १ आणा म्हणजे २७३ आणे, लेखन १११, बेरीज ३, भाग ९१. इथे १७ + १ = १८ केले की भाग जात नाही. तिसरी पैची. एका आण्यात १२ पै, म्हणजे खाली बारा आणि वर सोळा असा मिश्र पाया. शुद्ध सोळाच्या पायात संख्येतून अंकांची बेरीज वजा केली की बाकीला १५ ने भाग जातोच. पै धरून मांडलेल्या रकमेत ही हमी राहत नाही. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला आणि व्यवहारातला हा सराव सुटत गेला.

खरी गती नंतर आली. दशमानात सलग २१ हर्षद संख्या असूच शकत नाहीत, २० असू शकतात, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले. तेव्हा रचलेल्या रांगांपैकी सर्वात लहान रांगेतल्या संख्येतही ४,४३६ कोटींहून अधिक अंक आहेत. १९९४ मध्ये मर्यादा सर्व पायांना लागू झाली: पायाच्या दुपटीहून लांब रांग नाही. म्हणजे आण्यांत ३२, खंडी-मणात ४०.

पाया न सांगता हर्षद म्हणता येतील अशा संख्या चारच: १, २, ४ आणि ६. १२ फक्त आठच्या पायात अडते. तिथे ती १४ अशी लिहितात, बेरीज ५.