साप चावल्यावर विष तोंडाने ओढून निघतं का?

साप चावला की नायक जखमेला चीर देतो, विष ओढून थुंकतो आणि माणूस वाचतो. सिनेमा-मालिकांत इतक्यांदा पाहिल्यावर हे खरं वाटणारच. पण सापाचे दात विष मांसात खोल सोडतात, ते लगेच पसरू लागतं. तोंडाने जवळजवळ काहीच निघत नाही. उलट चिरल्याने रक्तस्राव वाढतो. मग असे काही वाचतात कसे? बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी विष न सोडताच चावतो.

खानापूरकडे भातात-उसात कुणाला साप चावला, तर चावलेला पाय हलवू देऊ नका, घट्ट आवळू नका, थेट मोठा सरकारी दवाखाना गाठा. तिथे रक्त काचेच्या नळीत 20 मिनिटं ठेवतात. गोठलं नाही तर घोणस-फुरशाच्या विषाचा संशय. नाग-मण्यार चावल्यास माणसाच्या पापण्या जड होतात, तेही बघतात. विष भिनलं असेल तर औषध एकच, सर्पविषावरचं इंजेक्शन. खात्री करायची तर जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आजच विचारा, हे इंजेक्शन कुठे मिळतं तेही विचारून ठेवा.