वेब अ‍ॅनालिटिक्स व सर्च इंजिन मार्केटिंग

संकेतस्थळावर येणाऱ्यांच्या हालचालींच्या नोंदी गोळा करून त्यांचा अर्थ लावण्याचे तंत्र म्हणजे वेब अ‍ॅनालिटिक्स. सर्च इंजिनच्या निकालांतून, मुख्यतः सशुल्क जाहिरातींद्वारे, अभ्यागत मिळवण्याचा उद्योग म्हणजे सर्च इंजिन मार्केटिंग. पहिल्याचे आकडे दुसऱ्याचा खर्च ठरवतात, म्हणून दोन्हींचा विचार येथे एकत्र केला आहे.

आरंभीची मोजदाद सर्व्हरच्या लॉग फाइलवर चाले. प्रत्येक मागणीची एक ओळ पडे : आयपी पत्ता, वेळ, मागितलेली फाइल, बाइटसंख्या. पानावर दहा चित्रे असली, की एकदा पान उघडताच अकरा ‘हिट’ नोंदले जात. उलट कॅशेतून (आधी साठवलेल्या प्रतीतून) दाखवलेले पान लॉगमध्ये येतच नसे. त्यामुळे १९९०च्या दशकातील हिटसंख्येला तुलनेसाठी फारसे मोल नाही. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी कुकी (ब्राउझरमध्ये साठवली जाणारी छोटी नोंद) तयार केल्यावर तोच ब्राउझर पुन्हा आल्याचे ओळखता येऊ लागले; पुढे पानातच भेटीची नोंद पाठवणारा जावास्क्रिप्टचा तुकडा घालण्याची पद्धत रुळली. गूगलने २००५ मध्ये अर्चिन ही या क्षेत्रातील कंपनी विकत घेतली व त्याच वर्षी गूगल अ‍ॅनालिटिक्स ही मोजणीची सेवा विनामूल्य खुली केली.

जुन्या पद्धतीतील एक दोष मुळातच होता. पानावरचा वेळ दोन मागण्यांमधील अंतरावरून काढला जाई. वाचकाने १०.०० वाजता पहिले व १०.०४ वाजता दुसरे पान उघडून ते वीस मिनिटे वाचले आणि तो निघून गेला, तर नोंद चार मिनिटांचीच होई.

क्लिकमागे पैसे आकारण्याच्या पद्धतीचे जनकत्व वादग्रस्त आहे. निकालांत पैसे घेऊन जागा देण्याचा प्रयोग ओपन टेक्स्ट या सर्च इंजिनने १९९६च्या सुमारास केला होता, आणि क्लिकनुसार आकारणीचीही त्याच काळातील उदाहरणे दिली जातात. तथापि शोधशब्दांचा खुला लिलाव व निकालाशेजारी छापलेली बोली ही रचना बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमची (१९९८) मानणेच अधिक सयुक्तिक दिसते. ओव्हरचर हे नवे नाव घेतलेल्या या कंपनीने २००२ मध्ये गूगलवर पेटंटचा दावा लावला. २००४ मध्ये गूगलने याहूला समभाग देऊन तो मिटवला. तोवर ओव्हरचर याहूच्या मालकीची झाली होती. तडजोडीमुळे मूळ प्रश्नाचा निवाडा मात्र झाला नाही.

गूगलची अ‍ॅडवर्ड्स ही जाहिरात सेवा २००० मध्ये दर हजार दर्शनांच्या (जाहिरात दिसण्याच्या वेळांच्या) भावाने सुरू झाली. क्लिकचा लिलाव २००२ मध्ये आला. त्यातील क्रम केवळ बोलीवर ठरत नसे. क्लिकमागे १० एकके देणाऱ्या जाहिरातीवर शंभरातील एकच जण क्लिक करत असेल, आणि ५ एकके देणाऱ्या जाहिरातीवर तिघे, तर शंभर दर्शनांमागे उत्पन्न अनुक्रमे १० व १५ होते. म्हणून दुसरी वर जाते. शिवाय स्वतःची पूर्ण बोली न भरता खालच्या स्पर्धकाला मागे ठेवण्यापुरतीच रक्कम द्यावी लागे. ओव्हरचरच्या पूर्ण बोलीच्या लिलावात बोल्या सतत वरखाली होत. ती अस्थिरता येथे बरीच घटली.

विनाशुल्क निकालांत वर येण्याच्या खटपटीला एसईओ (सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन) म्हणतात.

खरेदीचे श्रेय शेवटच्या क्लिकला देण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते, पण ती धोक्याची आहे. ब्लेक, नोस्को व टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी ईबे या ऑनलाइन बाजारपेठेवर केलेल्या प्रयोगांत (२०१५ मध्ये प्रसिद्ध) कंपनीच्या स्वतःच्या नावावरील जाहिराती बंद केल्यावर त्या वाटेने येणारे जवळपास सगळे लोक विनाशुल्क निकालांतून आले. इतर शब्दांवरील जाहिरातींचा परिणाम नव्या व क्वचित येणाऱ्या ग्राहकांवरच जाणवला. तेव्हा खर्च वाढवण्याआधी काही प्रदेशांत जाहिरात थांबवून फरक पाहणे, हीच अधिक भरवशाची कसोटी होय.

पुढे मोजणीवरच मर्यादा आल्या. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला, तर अॅपलच्या सफारी ब्राउझरने २०२० मध्ये त्रयस्थ (उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज इतरांच्या) कुकी पूर्णपणे रोखल्या. गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीचे सर्वसाधारण काम १ जुलै २०२३ रोजी थांबले. नव्या आवृत्तीत प्रत्येक कृती स्वतंत्र घटना म्हणून नोंदली जाते, त्यामुळे दोन्ही काळांतील आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत.