हाडांचा भुगा झाला, नाव उरलं

पृथ्वीवर चाललेला सर्वांत मोठा प्राणी कोणता, या वादात तमिळनाडूतल्या कल्लमेडू गावाचं नाव अधूनमधून येतं. तिथे सापडलेल्या डायनोसॉरचं नावही आपल्याला सहज कळण्यासारखं आहे: बृहत्कायोसॉरस. बृहत् काया, म्हणजे अवाढव्य देह. पण त्याचं एकही हाड आज कुठल्याच संग्रहालयात नाही. जे होतं त्याचा भुगा झाला.

कल्लमेडू आजच्या अरियलूर जिल्ह्यात येतं; शोध लागला तेव्हा हा भाग तिरुचिरापल्ली जिल्ह्यात होता. इथले खडक साधारण ७ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनोसॉरांच्या अगदी शेवटच्या काळातले. इथे हाडं मिळतात हे इंग्रज भूवैज्ञानिकांना ठाऊक होतंच. चार्ल्स मॅटली यांनी १९२९मध्ये त्रिचनापल्ली भागातल्या डायनोसॉरांवर लिहिलं होतं. जबलपूरच्या हाडांवरचं त्यांचं काम तर आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. म्हणूनच या प्राण्याच्या नावाचा दुसरा भाग ‘मॅटलेयी’ असा आहे.

नाव दिलं ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पी. यादगिरी आणि के. अय्यासामी यांनी, १९८०च्या दशकाच्या शेवटी. त्यांच्यासमोर खुब्याची हाडं, मांडीच्या हाडाचा तुकडा, नडगी, हाताचं एक हाड आणि शेपटीचा एक मणका होता. नडगीची लांबी तब्बल २ मीटर. सरासरी माणूस तिच्याशेजारी उभा राहिला तर तोच बुटका ठरावा. आणि ती फक्त गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची लांबी!

गंमत अशी, की त्यांनी हा प्राणी मांसाहारी ठरवला. दोन पायांवर चालणाऱ्या शिकारी डायनोसॉरांच्या गटात त्याला बसवलं. टायरॅनोसॉरसची नडगीसुद्धा याहून कितीतरी आखूड. दोन मीटर नडगीचा शिकारी म्हणजे कल्पनेलाही जड. १९९०च्या दशकात जीवाश्म-अभ्यासक शंकर चॅटर्जी यांनी तो शाकाहारी सॉरोपॉड असावा असं सुचवलं. सॉरोपॉड म्हणजे लांब मान, लांब शेपूट आणि खांबासारखे चार पाय असलेले डायनोसॉर. मग चित्र जुळलं आणि त्याच्या आकाराचे अंदाज वाढू लागले.

माझ्या मते मात्र शिकारी ठरवणं ही दुय्यम चूक. अशी वर्गवारी पुढे कुणीही दुरुस्त करू शकतं, आणि तसं झालंही. खरी अडचण अशी, की शोधनिबंधात हाडांची फक्त रेखाचित्रं होती, छायाचित्रं नव्हती. जगभरच्या तज्ज्ञांच्या हाती उरलं ते रेघांचं चित्र आणि मोजमापं. साहजिकच कुजबुज सुरू झाली: हे हाड नसून दगड झालेला ओंडका तर नाही?

शंका खोडसाळ वाटते, पण अगदी निराधार नव्हती. शेजारच्या पेरंबलूर जिल्ह्यात सातनूरला क्रिटेशियस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातलं १८ मीटर लांबीचं अश्मीभूत खोड आजही आडवं पडलेलं आहे. उलट उदाहरणही आहे. अर्जेंटिनात १९८७मध्ये एका शेतकऱ्याला जमिनीत अश्मीभूत लाकूड दिसलं; ते निघालं अर्जेंटिनोसॉरस या अवाढव्य सॉरोपॉडचं हाड. एवढ्या आकारात हाड आणि ओंडका यांत भल्याभल्यांची गल्लत होते.

वाद मिटवायचा सरळ उपाय म्हणजे मूळ हाड पाहणं. पण ते शक्यच नव्हतं. कल्लमेडूची हाडं अतिशय ठिसूळ. उकरलेल्या जागीच ती फुटू लागली आणि सर्वेक्षणाच्या कार्यालयापर्यंत धड पोचलीच नाहीत. मूळ नमुना शिल्लक नाही, ही गोष्ट २०१७मध्ये छापून आली. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं लोक नसलेल्या हाडांवर भांडत होते.

असं आधीही घडलं होतं. अमेरिकेत जीवाश्म-अभ्यासक एडवर्ड कोप यांनी १८७८मध्ये डायनोसॉरच्या एका राक्षसी मणक्याला ‘अतिठिसूळ’ अशा अर्थाचं नाव दिलं, आणि पुढे तो मणका खरोखरच नाहीसा झाला. मागे राहिलं ते एक रेखाचित्र. त्यावरून कुणी त्या प्राण्याची लांबी ५८ मीटर काढली. २०१८मध्ये त्याच अभ्यासकाने, केनेथ कार्पेंटर यांनी, प्राण्याचा गट बदलला तेव्हा ती जवळपास निम्म्यावर आली. आपल्याकडे एक सुखद अपवाद आहे: जबलपूरच्या ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ या सॉरोपॉडचा मूळ मणका हरवला असं धरलं जात होतं, तो २०१२मध्ये कोलकात्याच्या संग्रहातच सापडला.

बृहत्कायोसॉरसच्या नशिबी हाड नाही, पण निदान छायाचित्रं आली. २०२२मध्ये सौरभ पाल आणि अय्यासामी यांनी उत्खननाच्या वेळची जुनी छायाचित्रं प्रसिद्ध केली. ती फारशी सुस्पष्ट नाहीत, तरी ओंडक्याची शंका त्यांनी बरीच मागे रेटली. पुढच्याच वर्षी ग्रेगरी पॉल आणि असियेर लारामेंडी यांनी वजनाचा अंदाज मांडला: ११० ते १७० टन. म्हणजे थेट निळ्या देवमाशाच्या पंक्तीत.

११० आणि १७० मधली ही दरी एवढी रुंद का? एका हाडावरून वजन काढताना लांबीचा घन घ्यावा लागतो. लांबी १० टक्के चुकली की वजन ३३ टक्के चुकतं. त्यात मोजलेलं हाड पुन्हा मोजायची सोय नाही.

कल्लमेडूच्या त्याच थरांतून २०१३मध्ये आणखी एका डायनोसॉरची नोंद झाली. ट्रूडॉन्टिड नावाच्या छोट्या, पक्ष्यांच्या जवळच्या गटातला. पुरावा होता अवघा एक दात, मिलिमीटरांत मोजण्याजोगा.