एक्कावन्न टक्के कॉफी

माटुंग्यातल्या दळून देणाऱ्या कॉफीच्या दुकानात काउंटरमागचा माणूस आधी विचारतो, "चिकोरी किती?" चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळायची, एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड. कुणी 'ऐंशी-वीस' म्हणतं, म्हणजे ऐंशी टक्के कॉफी आणि वीस टक्के चिकोरी, कुणी 'सत्तर-तीस', कुणी 'प्युअर'. यंत्र घरघरतं आणि पुडी कोमट असतानाच हातात पडते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात कॉफीची मागणी एका रेषेत दाखवतात. रांगेतली ही वेगवेगळी गिऱ्हाइकं त्या रेषेत दिसत नाहीत.

रेषा खोटी नाही. भाव वाढले तरी कॉफीचा खप फारसा घटत नाही. अशा मागणीला अलवचिक म्हणतात. कॅफिनची सवय हे त्याचं एक मोठं कारण. पण कॉफी सोडायची नाही म्हणून माणूस तिच्या नावाखाली काहीही पितो का? याचं उत्तर 1977 मध्ये पूर्व जर्मनीत मिळालं.

जुलै 1975 मध्ये ब्राझीलच्या पाराना राज्यात कडाक्याची थंडी पडली आणि कॉफीचे मळेच्या मळे काळे पडले. दोन वर्षांत जागतिक भाव चौपटीच्या वर गेले. पूर्व जर्मनीकडे परकीय चलनाची चणचण होती. सरकारने स्वस्तातली 'कोस्टा' कॉफी बंद केली आणि 'काफे-मिक्स' आणलं: 51 टक्के कॉफी, बाकी चिकोरी, राय नावाचं धान्य, वाटाणा, बीट असली भर. हॉटेलांतल्या यंत्रांत वाटाण्याच्या पिठातली प्रथिनं फुगून गाळण्या तुंबल्या. तक्रारींच्या पत्रांचा ढीग लागला. पुढे जागतिक भाव उतरले आणि हे मिश्रण मागे पडलं.

आता आपल्याकडे बघा. कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी हवी, असा भारतातला नियम आहे. आकडा अगदी तोच! पण इथे लोक चिकोरी मागून घेतात. भाजलेल्या चिकोरीच्या मुळात कॅफिन नसतं. तिच्यातल्या इन्युलिन या कर्बोदकामुळे भाजताना करपलेल्या साखरेसारखा रंग आणि कडवटपणा येतो, डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा गाळलेला अर्क, दाट होतं आणि भरपूर दूध घातलं तरी चव टिकते. पिढ्यान्‌पिढ्या जिभेला ते वळण पडलंय. मला याहून मोठा फरक वाटतो तो निवडीचा. माटुंग्यात टक्का गिऱ्हाईक ठरवतं. बर्लिनमध्ये तो सरकारने ठरवला, आणि त्याचा भार स्वस्त कॉफी घेणाऱ्यावरच पडला.

परकीय चलनाशिवाय कॉफी मिळावी म्हणून पूर्व जर्मनीने 1980 मध्ये व्हिएतनामशी करार केला. तिथल्या दाक लाक प्रांतात रोबस्टा या जातीच्या कॉफीचे मळे उभे राहिले. पण कॉफीच्या झाडाला भरघोस पीक यायला वर्षं जातात. ते हाताशी येईपर्यंत 1990 उजाडलं आणि पूर्व जर्मनी हा देशच उरला नाही. झाडं मात्र राहिली. आज कॉफी पिकवण्यात व्हिएतनाम ब्राझीलच्या खालोखाल आहे आणि तिथली रोबस्टा जगभरच्या इन्स्टंट कॉफीच्या बाटल्यांत जाते.