अकरा महिने कुठून आले?

पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्या कुणालाही विचारा, करार किती महिन्यांचा? उत्तर येतं, अकरा. बारा का नाही म्हटलं, तर घरमालक, एजंट आणि भाडेकरू तिघंही सांगतात, 'असंच असतं.' भाडेकरूला घराबाहेर काढण्याच्या कायद्याचा महाराष्ट्रातला बराचसा इतिहास या एका आकड्याशी जोडलेला आहे. तो माहीत नसल्यामुळे दोन्हीकडची माणसं उगाच धास्तावलेली असतात, म्हणून जरा मागून सांगते.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली महिनेवारी भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस दिली की त्याचा हक्क संपे. कारण द्यावं लागत नसे. पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली, भाडी भडकली आणि १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९३९ आणि १९४४ असे आणखी दोन आले. मग १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा, १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झालेला. तोही ठरावीक मुदतीचाच होता. मुदत वाढत वाढत पन्नास वर्षं टिकला.

या कायद्याने दोन गोष्टी केल्या. १ सप्टेंबर १९४० ला जागेचं जे भाडं होतं तेच प्रमाणित भाडं धरलं आणि तिथेच गोठवलं. आणि भाडं देणाऱ्या, किंवा द्यायला तयार असलेल्या भाडेकरूला मालकाच्या मर्जीने काढता येणार नाही, असं ठरवलं. काढायचं तर कायद्यात लिहिलेलं कारण कोर्टात सिद्ध करायचं: थकबाकी, परस्पर पोटभाडेकरू ठेवणं, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव, जागा सलग सहा महिने विनाकारण बंद ठेवणं, किंवा मालकाला स्वतःसाठी लागणारी खरी गरज.

माझ्या आत्याच्या गिरगावातल्या चाळीतल्या खोलीच्या भाडेपावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, वर्षावार रबर लावून ठेवलेल्या आहेत. त्यांत काही परत आलेल्या मनीऑर्डरी आहेत, पोस्टमनच्या अक्षरात 'घेण्यास नकार' असा शेरा मारलेल्या. मालक भाडं घेईनासा झाला की मनीऑर्डर करायची आणि परत आलेला कागद जपायचा, हे चाळीतल्या बायकांना कुणी वकिलाने शिकवावं लागलं नाही. 'द्यायला तयार होतो' याचा तोच पुरावा होता.

मालकाची बाजूही खोटी नव्हती. गोठलेल्या भाड्यात जिन्याची एक पायरीही बदलून होईना. इमारती खचू लागल्या. अखेर १९६९ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारला वेगळा कायदा करून मंडळ नेमावं लागलं. भाड्यात न मिळणारा पैसा पागडीच्या, म्हणजे खोलीचा ताबा देताना घ्यायच्या ठोक रकमेच्या, रूपाने हातोहात फिरायला लागला.

याच कोंडीतून 'लिव्ह अँड लायसन्स' पुढे आलं. सुविधाधिकार कायद्यानुसार, तोही १८८२ चाच, लायसन्स म्हणजे नुसती वापराची परवानगी. जागेत हक्क निर्माण होत नाही, म्हणून भाडेनियंत्रणही लागत नाही. मालकांनी भाडेकरू ठेवणंच सोडलं आणि लायसन्सी ठेवायला लागले. पण १९७३ मध्ये दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू कराराखाली राहत असलेला लायसन्सी भाडेकरू मानला गेला. राहणाऱ्यांना आसरा मिळाला, हे खरंच. मात्र माझ्या मते मालकांच्या मनात त्या दिवशी जी भीती बसली ती अजून गेलेली नाही. 'घर दिलं की गेलं' हे वाक्य आजही ऐकू येतं.

डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेलं भाडं आता अवाजवी झाल्याचं म्हटलं. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपत होती, त्यामुळे तरतुदी रद्द न करता नव्या, न्याय्य कायद्याची अपेक्षा ठेवली. मुदत पुन्हा वाढली. अखेर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० ला अमलात आला. त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली, पागडीला कायदेशीर जागा दिली आणि घराबाहेर काढण्याचे दोन वेगळे रस्ते आखले.

जुना भाडेकरू असेल तर थकबाकीची लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबायचं, मगच दावा. मुंबईत तो लघुवाद न्यायालयात चालतो. समन्स मिळाल्यावर नव्वद दिवसांत भाडेकरूने सगळी बाकी पंधरा टक्के व्याज आणि खर्चासह भरली, तर थकबाकीपायी घर जात नाही. मालकाने स्वतःची गरज सांगितली तर कोर्ट दोघांपैकी कुणाची अडचण मोठी ते तोलतं. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं.

लायसन्सीचं तसं नाही. मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर सरळ आदेश होतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळाची भरपाई दुपटीने. एकाच मजल्यावर समोरासमोरच्या दारांना असे दोन कायदे लागू असतात.

आता ते अकरा महिने. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची. ती टाळायला, वर्षाच्या आत राहायचं म्हणून अकरा. पण १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने ही पळवाट बंद केली. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे महाराष्ट्रात तरी नोंदणी टाळायला अकरा आकड्याचा काही उपयोग उरलेला नाही. तीन वर्षांचाही करार नोंदवता येतो. तरी दर अकरा महिन्यांनी सामान आवरायची धाकधूक घेऊन किती कुटुंबं जगतात!

आणि मुदत संपली म्हणून मालकाला पाणी, वीज तोडता येत नाही. १९९९ च्याच कायद्याचं कलम २९ त्यासाठीच आहे. कुलूप बदलून कुणाला बाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो. हा दावा कुलूप बदलल्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत लावायचा असतो.