पाळी उशिरा येते तेव्हा नेमकं काय उशिरा झालेलं असतं?

भाद्रपदात महालक्ष्म्या जवळ आल्या की नागपुरातल्या औषधाच्या दुकानांत एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो: "पाळी पुढे ढकलायची गोळी आहे का?" ती कधी सुरू करायची याचा हिशेब बाई बहुधा घरूनच करून आलेली असते. मागच्या पाळीची तारीख, त्यात २८ मिळवले, झालं. मग एखादीची पाळी चार दिवस आधीच येऊन ठेपते, एखादीची आठवडा उलटला तरी येत नाही. दोघींनाही वाटतं, आपल्यातच काहीतरी बिघडलंय.

शाळेतल्या आकृतीत चक्र २८ दिवसांचं असतं, म्हणून हा आकडा डोक्यात पक्का बसलाय. २०१९ साली एका मोबाइल ॲपवरच्या सहा लाखांहून जास्त चक्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी निघाली २९.३ दिवस, आणि बरोबर २८ दिवसांची चक्रं शंभरात जेमतेम १३. त्याच्या कितीतरी आधी, १९३४ पासून, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲलन ट्रेलोर यांनी बायकांकडून वर्षानुवर्षं पाळीच्या तारखा लिहून घेतल्या. १९६७ मध्ये छापून आलेल्या त्या नोंदींतून दिसलं की एकाच बाईचं चक्रसुद्धा जन्मभर सारखं राहत नाही. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षं आणि ती जाण्याआधीची शेवटची काही वर्षं ते सगळ्यात जास्त हलतं.

हे का होतं, ते कळायला अंडाशयात डोकवावं लागतं.

मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा छोटासा भाग आहे. तिथून जीएनआरएच हे संप्रेरक सलग वाहत नाही, ठोक्याठोक्यांनी सुटतं. शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्न्स्ट नोबिल यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की ते तासाला एक ठोका या लयीत दिलं तर पीयूषिका ही मेंदूखालची ग्रंथी काम करते आणि सलग देत राहिलं तर थंडावते. ठोके नीट असले की पीयूषिकेतून एफएसएच हे दुसरं संप्रेरक येतं आणि अंडाशयातल्या काही पुटिका, म्हणजे अंडं असलेल्या छोट्या पिशव्या, वाढू लागतात. त्यांतली एक पुढे निघते. तिच्यातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्रवतं, ते एफएसएच कमी करतं आणि बाकीच्या पुटिका सुकून जातात. पुढे गेलेली पुटिका मात्र कमी एफएसएचवरही तग धरते आणि रोज साधारण दोन मिलिमीटरने वाढत दोन सेंटिमीटरच्या आसपास पोचते.

आता मला या सगळ्यात सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट. इतके दिवस इस्ट्रोजेन पीयूषिकेला दाबून ठेवत असतं. पण त्याची पातळी बरीच वर जाऊन सुमारे दोन दिवस तिथेच टिकली, की तेच इस्ट्रोजेन उलटा हुकूम देऊ लागतं. पीयूषिकेतून एलएच या आणखी एका संप्रेरकाचा लोट येतो आणि तो सुरू झाल्यापासून साधारण दीड दिवसात पुटिका फुटून अंडं बाहेर पडतं. हा क्षण तारखेवर ठरत नाही. पुटिका पुरेशी वाढली का आणि इस्ट्रोजेन पुरेसा काळ वर राहिलं का, यावर ठरतो. कुणाची पुटिका १२ दिवसांत तयार होते, कुणाची २२ दिवसांत. ताप येऊन गेला, जेवण फार तोडलं, परीक्षेचा ताण आला, की अधश्चेतकाचे ठोके मंदावतात आणि पुटिका रेंगाळते.

अंडं सुटल्यावर मात्र मुदत बरीचशी बांधलेली असते. रिकाम्या पुटिकेचं पीतपिंड होतं आणि ते प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करून गर्भाशयाचं अस्तर सांभाळतं. गर्भ राहिला नाही तर ते बहुधा १२ ते १४ दिवसांत मावळतं. प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तरातल्या नागमोडी रक्तवाहिन्या आक्रसतात, अस्तर सुटतं आणि पाळी येते. म्हणजे चक्र ३६ दिवसांचं झालं तर बहुतेक वेळा अंडंच २३व्या दिवसाच्या आसपास सुटलेलं असतं. जे उशिरा होतं ते हेच.

पाळी पुढे ढकलायची गोळी याच जागी काम करते. त्यातलं नॉरेथिस्टेरॉन प्रोजेस्टेरॉनसारखं असतं. पीतपिंड मावळलं तरी ते अस्तर धरून ठेवतं, आणि गोळी थांबवली की साधारण दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो. ती पाळीच्या अंदाजे तीन दिवस आधी सुरू करायची असते, त्यामुळे २८च्या हिशेबावर विसंबलेली बाई चुकू शकते. पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना न विचारता ती घेऊच नये. आणि मनापासून सांगतो, महालक्ष्म्यांच्या पंगतीत बसता यावं म्हणून कुणावर गोळी घ्यायची वेळ येऊ नये. त्या रक्तात गर्भाशयाचंच अस्तर असतं. त्याने ना देव बाटतो, ना लोणचं नासतं.

मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर तापलं की 'उष्णतेने पाळी लवकर आली' हेही कानावर येतं. 'उष्ण' समजली जाणारी पपई किंवा तीळ-गूळ खाल्ल्याने पुटिका भराभर वाढते याला पुरावा नाही. चंद्राचंही तेच. पाळी चंद्रावर चालली असती तर सक्करदऱ्यापासून सदरपर्यंत सगळ्यांची एकाच दिवशी आली असती. ॲप 'उद्या पाळी' असं सांगतं तेव्हा तेही मागच्या तारखांवरून अंदाजच करत असतं.

स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना फिगो हिने २०१८ मध्ये दिलेल्या मर्यादा बऱ्याच सैल आहेत. एका पाळीच्या सुरुवातीपासून पुढच्या पाळीच्या सुरुवातीपर्यंत २४ ते ३८ दिवस, रक्तस्राव आठ दिवसांपर्यंत, आणि वर्षभरातल्या सगळ्यात लांब व सगळ्यात आखूड चक्रांत वयानुसार सात ते नऊ दिवसांचा फरक. नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींत ४५ दिवसांपर्यंतचं अंतरही चालतं, कारण इस्ट्रोजेनचा तो उलटा हुकूम त्यांच्या शरीरात अजून पक्का व्हायचा असतो.

गरोदर नसताना तीन महिने पाळीच आली नाही, तासाला एक पॅड भिजू लागला, किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता नागपुरातल्या डागा किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या स्त्रीरोग विभागात जाऊन दाखवावं. जाताना मागच्या सहा पाळ्यांच्या पहिल्या दिवसाच्या तारखा लिहून न्याव्यात. रक्त फार जात असेल तर हिमोग्लोबिनही तपासून घ्यावं, आणि आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो म्हणून घरात कुणाला तो असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं.